दोनदा खोकणारी आत्या

आत्याच्या छातीत काहीही बिघाड नव्हता. बीडच्या डॉक्टरांनी दोन वेळा तपासून तसं सांगितलं होतं. तरी ती दिवसभर खोकायची. कुठल्याही दारापाशी आली की थांबायची, दोनदा खोकायची, जराशी उभी राहायची आणि मगच आत पाऊल टाकायची. मग ते स्वयंपाकघर असो, न्हाणी असो, नाहीतर चर्च असो. एका रविवारी उपासनेत सगळी मंडळी डोळे मिटून मूक प्रार्थनेत होती आणि उशिरा आलेली आत्या दाराबाहेर खोकली. पाळकसाहेब डोळे न उघडताच म्हणाले, "या आत्या, तुमच्यावाचूनच अडलंय." मूक प्रार्थनेचं हसं झालं. आत्या मात्र शांतपणे मागच्या बाकावर, तिच्या पोरींच्या शेजारी जाऊन बसली.

पोरी तिच्या पोटच्या नव्हत्या. चौसाळ्याच्या अलीकडे हमरस्त्याला लागून आमचं लहानसं चर्च आहे आणि त्याच्यामागे पाळकांचं जुनं कौलारू घर. पाळकसाहेब नव्या घरात राहायला गेले तेव्हा चर्चच्या मंडळीनं ते जुनं घर एका कामासाठी दिलं. कामाला लावतो, लग्न लावून देतो असं सांगून ज्या मुलींना मोठ्या शहरात नेऊन विकलं होतं, त्यांच्यातल्या सुटका झालेल्या पण परत न्यायला कुणी नसलेल्या मुली तिथं राहायच्या. बालकल्याण समिती त्यांना पाठवायची. एका वेळी सात-आठ जणी असत आणि आत्या त्यांच्यापाशी राही. मी संध्याकाळी त्यांना गणित शिकवायला जायची, म्हणून ती मला मास्तरीणबाई म्हणायची. माझं बी.एड. नुकतंच झालं होतं आणि जगातल्या बहुतेक गोष्टी आपल्याला कळतात असा माझा समज होता.

पहिल्याच दिवशी मी पुस्तकं घेऊन भर्रकन खोलीत शिरले, तर एक मुलगी कपाटामागे जाऊन बसली आणि तासभर बाहेर आली नाही. आत्यानं माझ्या दंडाला धरून मला अंगणात नेलं आणि म्हणाली, "खोक." मी खोकले. "आसं न्हाई. खरं वाटलं पायजे." मी पुन्हा खोकले. मग तिनं मला कारण सांगितलं. "दार वाजलं की ह्यांच्या काळजाचं पानी व्हतं. दार वाजवून कोन येतं ते ह्यांना ठावं हाय. खोकला म्हातारीचा असतो. म्हातारीला कुनी भेत न्हाई." त्यानंतर मीही पंचविशीत म्हातारीसारखी खोकायला लागले. माझ्या आईनं मला आठवडाभर अडुळशाचा काढा पाजला.

घराचा दुसरा नियम म्हणजे तिथं कुणालाही मावशी म्हणायचं नाही. आपल्याकडे भाजीवालीपासून शाळेतल्या शिपाईणबाईपर्यंत सगळ्या मावशाच असतात, त्यामुळे सुरुवातीला माझी जीभ अडखळायची. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्या बाईंना हा नियम फारच लागला. "आम्ही प्रेमानं येतो आणि आम्हाला मावशी म्हणवून घ्यायची चोरी," असं त्या म्हणाल्या. आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. "बाई, तुमी आत्या व्हा, काकू व्हा, आजी व्हा. पन ह्या पोरींनी मावशा लई बघितल्यात. नेनारी बी मावशी आनि ठिवनारी बी मावशीच." त्या बाई पुढं काकू झाल्या.

तिसरी गोष्ट कड्यांची. घर ताब्यात आल्यावर आत्यानं सुतार बोलावून प्रत्येक दाराची बाहेरची कडी आणि कोयंडा काढून टाकला. आतल्या कड्या मात्र नव्या, चांगल्या जाड बसवून घेतल्या. तपासणीला आलेल्या बाईंना हे पटलं नाही. एखादी पोरगी पळून गेली तर, असं त्यांनी विचारलं. आत्या म्हणाली, "जायाचं आसंल तर जाईल. पर बाहीरून कडी लावलेलं घर ह्यांनी बघितलंय. पुन्यांदा दावायचं न्हाई." एकदा एका मुलीनं आतून कडी लावून घेतली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उघडलीच नाही. आम्ही सगळे घाबरून गेलो. आत्या दाराबाहेर पोतं अंथरून शेंगा फोडत बसली आणि चौसाळ्याच्या बाजारात मेथी कशी आली होती, शेजारची म्हैस कशी आटली, असलं काहीबाही दाराशी बोलत राहिली. दुपारी कडी निघाली. आत्यानं एवढंच विचारलं, "शेंगा भाजलेल्या खातीस का कच्च्या?"

हे असं विचारणं हा तिचा स्वभावच होता. भाकर कडक का मऊ, बांगड्या लाल का हिरव्या, बसायचं उन्हात का सावलीत. दिवसभर तिचं हे "का, का" चालू असायचं. एकदा तिनं पाळकसाहेबांनाच विचारलं, "साहेब, आज परार्थना लांब का आखूड?" पाळकसाहेब आखूड म्हणाले आणि नेहमीसारखी लांब केली. मी तिची थट्टा करायची की आत्या, तुम्ही वस्तुनिष्ठ प्रश्नपत्रिका काढायला हवी. ती म्हणायची, "ह्यांना कुनी कदी इचारलंच न्हाई, मास्तरीणबाई. मागायची सवय लावावी लागती. आनि न्हाई म्हनायची बी."

न्हाई म्हणण्यात सगळ्यात हुशार निघाली ती वैशाली. तिचं खरं नाव मी लिहिणार नाही. घरात आल्यावर तिनं स्वतःसाठी जे नाव निवडलं होतं तेही लिहिणार नाही. इथं तिला वैशाली म्हणू. आई-बाप ऊसतोडीला कारखान्यावर गेलेले असताना गावातल्याच एका बाईनं तिला नेलं होतं, आणि त्या बाईला ती मावशीच म्हणत होती. घरात आल्यावर पहिला महिनाभर ती प्रत्येक गोष्टीला नको म्हणाली. मऊ भाकर नको, कडकही नको. आत्या मान हलवायची, "बरं," म्हणायची आणि ताट झाकून ठेवून जायची. मला त्याची काळजी वाटायची, आणि आत्याचा चेहरा मात्र खुललेला. "शिकली बग," म्हणायची. वैशालीनं पहिल्यांदा हो म्हटलं ते गणिताला. मी अपूर्णांक का दशांश असं विचारलं होतं, आणि ती म्हणाली, "दोनी." दोन वर्षांत ती बाहेरून बसून दहावी पास झाली. पेढे मी वाटले, जणू मीच पास झाले होते.

तिला एक धाकटी बहीण होती. आई-बाप कुठल्या तरी कारखान्याच्या तळावरून परत आलेच नव्हते आणि ती धाकटी कुणापाशी आहे याचा पत्ता लागत नव्हता. समितीनं गावी चौकशी केली तेव्हा घराला कुलूप होतं. वैशाली तिच्याविषयी फारसं बोलायची नाही. फक्त वहीच्या शेवटच्या पानावर तिची वेणी काढायची, चेहरा कधी काढायची नाही. आता तो आठवत नाही म्हणायची.

आमच्या मंडळीत सुगीचा सण मोठा. नव्या धान्याची पोती, भोपळे, कोंबड्या वेदीपुढे आणतात, आजूबाजूच्या गावांतले पाहुणे येतात आणि गीतांच्या मधे लोक उठून साक्ष देतात. देवानं आपल्याला कशातून बाहेर काढलं ते सगळ्यांसमोर सांगायचं, ही आमची लहानपणापासूनची रीत. दारू सुटलेला सांगतो, आजारातून उठलेली सांगते. त्या वर्षी वैशालीनं साक्ष द्यावी असं माझ्या डोक्यात आलं. मंडळीत अजूनही असे लोक होते जे पोरी मागच्या बाकावर बसल्या की आपल्या लेकींना पुढं सरकवायचे. त्यांची तोंडं एकदाची बंद व्हावीत असं मला वाटत होतं. खरं सांगायचं तर माझ्या विद्यार्थिनीचं कौतुक व्हावं असंही वाटत होतं.

आत्याला हे आवडलं नाही. "देवाला ठावं हाय की समदं. मग मानसांना कशापायी?" मी म्हटलं, "आत्या, बोलली की मोकळी होईल ती." आत्या उठून भाकरी थापायला गेली. मला वाटलं, म्हातारं माणूस, जुने विचार.

वैशाली चांगली बोलली. फार काही सांगितलं नाही तिनं. अंधार होता, आता उजेड आहे, मी दहावी झाले, मला पुढं नर्स व्हायचंय, एवढंच. लोक रडले. मावशीच्या नियमावरून रुसलेल्या, पोरींना सगळ्यात जास्त नावं ठेवणाऱ्या त्या काकूंनी पुढं होऊन तिला मिठी मारली. मी हे सगळं मोबाईलवर घेत होते. घरी जाण्याआधीच मी ते मंडळीच्या ग्रुपवर टाकलं, खाली माझं नाव आणि नंबर घातला आणि पुढं पाठवा असंही लिहिलं. लोकांनी पाठवलं. आमचे लोक चांगली गोष्ट स्वतःपाशी ठेवत नाहीत.

दहा-बारा दिवसांनी मला एका बाईचा फोन आला. आवाज गोड होता. "मास्तरीनताई का? आमी तुमचा तो व्हिडिओ बघितला. लई छान बोलली पोरगी. मी तिची मावशी हाय. तिला तेवढं सांगा, धाकटी आमच्यापाशी हाय. तिला आमी जपतोय. आता मोठी झाली ती बी, ताईची लई वाट बघती." तो शब्द ऐकून मी दचकायला हवं होतं. घराचा नियमच होता तो. पण मला भरून आलं. दोन वर्षं आम्ही त्या धाकटीसाठी प्रार्थना करत होतो. साक्षीनं हे घडवलं, प्रार्थना फळाला आली, असं वाटून मी धावत घरी गेले. दाराशी दोनदा खोकले आणि वैशालीला हसत हसत निरोप सांगितला, शब्दाला शब्द. तिनं विचारलं, "मोठी झाली म्हनल्या?" मी म्हटलं, "हो, तुझी फार वाट पाहते." तिनं हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बरं झालं तुमी सांगितलं." मला ते आभार वाटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं भाकर कडक का मऊ विचारलं तर वैशाली कडक म्हणाली, आणि दोन भाकरी फडक्यात बांधून घेतल्या. शाळेतून दाखला आणायचाय असं सांगून समोरच्या थांब्यावरून बीडची एस.टी. धरली. संध्याकाळी मी शिकवायला बसले तेव्हा तिची वही उशीवर होती. शेवटच्या पानावर वेणी होती आणि त्या दिवशी प्रथमच चेहराही काढलेला होता. नाक-डोळे तिचे स्वतःचेच होते.

पोलिसांत तक्रार दिली, समितीला कळवलं. तो फोन नंबर त्याच दिवशी बंद झाला होता. ती कुणाच्या हाती लागली, धाकटीपर्यंत पोचली का, हे आजपर्यंत कळलेलं नाही. ती आपण होऊन गेली, बहिणीला सोडवायला गेली, आणि 'मोठी झाली' अशी धमकी देऊन तिला तिकडं धाडणारा निरोप मी माझ्या तोंडानं दिला. मंडळीतले काही जण म्हणाले, गेली परत आपल्या वाटेनं. मिठी मारणाऱ्या काकूही तेच म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांच्याशी जे भांडले ते त्यांच्याशी नव्हतंच.

आत्यानं मला चार दिवस काही विचारलं नाही. मग एका दुपारी अंगणात तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "साक्षीचं तिला तू इचारलं व्हतंस का?" मी म्हटलं, हो, विचारलं होतं. "कुटं?" गाण्याच्या तालमीत. "कोन कोन व्हतं?" सगळे होते. पाळकसाहेब होते, बाजाची पेटी वाजवणारे होते, फळ्यावर कार्यक्रमात तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. आत्या म्हणाली, "मंग न्हाई म्हनाया जागा कुटं ठिवलीस?"

मी रडायला लागले. तिनं मला जवळ घेतलं नाही. मग इतक्या वर्षांत मी जे कधी विचारलं नव्हतं ते तिनं सांगितलं. तिलाही एक मुलगी होती, मंदा. आत्या आणि तिचा नवरा ऊसतोडीला निघाले होते. तेरा वर्षांची पोर फडात न्यायची तर मुकादमाच्या माणसांची भीती, घरी ठेवायची तर भावकीची. "वाड्यातलीच एक बाई म्हनली, पुन्याला बंगल्यात कामाला लावते. मीच वेनी घातली. बीडच्या स्टँडवर गाडीत मीच बसवली. गुरवार व्हता. गाडी हालताना म्हनले, मावशीचं ऐक बरं का." मग म्हणाली, "आता तू बी माझ्यासारकीच. आता आपुन दोगी एका बाकावरच्या."

आत्या दर गुरुवारी बीडच्या स्टँडवर जाते हे सगळ्यांना माहीत होतं. पुण्याच्या गाड्या लागतात तिथल्या बाकावर ती सकाळपासून चार वाजेपर्यंत बसायची. "पोरी जात्यात बी हितूनच आनि येत्यात बी हितूनच," म्हणायची. गाडीतून उतरून कुठं जावं हे न कळणारी पोरगी तिला बरोबर ओळखू यायची. घरातली पहिली मुलगी, गेवराईकडची, तिनं तिथूनच पोलिसांकडे आणि मग समितीपुढं नेली होती. आम्ही ते सगळं सेवा म्हणून वार्षिक अहवालात लिहायचो. ती आपल्या लेकीला पाहायला जाते हे कुणाला माहीत नव्हतं. त्या आठवड्यापासून मी तिच्याबरोबर जायला लागले. मी तरुण चेहरे पाहायची आणि ती चाळिशीतल्या बायका पाहायची.

असं तीन वर्षं चाललं. चौथ्या वर्षी आत्या जास्त खोकायला लागली. ती कुठंही असली तरी खोकायची, दार नसलं तरी खोकायची. पोरी आतून "या आत्या" म्हणून हाक मारायच्या आणि ती ओट्यावर एकटीच वाकून बसलेली असायची. इतक्या वर्षांची सवय आम्हाला, कुणाला काही वेगळं वाटलंच नाही. मलाही नाही, आणि मी रोज तिच्याजवळ होते. रक्त पडलं तेव्हा दवाखान्यात नेलं. तोवर छातीत काही उरलं नव्हतं. खोकला ज्या एका गोष्टीची, आजाराची, खूण असतो ती सोडून बाकी सगळ्यासाठी आम्ही तिचा खोकला ऐकला.

दवाखान्यात मी एकदा धीर करून विचारलं, "आत्या, तुमचा माझ्यावर राग आहे का?" वाटलं होतं, शेवटी तरी ती नाही म्हणेल. ती म्हणाली, "हाय की. राग बी हाय आनि तू बी हायेस." मग डोळे मिटून म्हणाली, "गुरवार चुकवू नको." त्यानंतर ती माझ्याशी असं सलग काही बोलली नाही.

मातीच्या दिवशी तिला मंडळीनं घराच्या पुढच्या खोलीत ठेवलं होतं. मी तिच्या उशाशी बसले होते. दार सताड उघडं होतं आणि लोक येत-जात होते. तेवढ्यात बाहेर कुणीतरी दोनदा खोकलं आणि थांबलं. मी उठून दाराशी गेले. गेवराईची ती पहिली मुलगी होती, आता दोन लेकरांची आई, डोक्यावर पदर. ती आत आली, आणि तिच्यामागे पुन्हा कुणी खोकलं. दिवसभर त्या येत राहिल्या. कुणी शिवणकाम करणारी, कुणी दवाखान्यात आया, कुणी नवऱ्याला काही न सांगता बाजाराच्या निमित्तानं आलेली. दार उघडं असूनही प्रत्येक जण उंबऱ्याबाहेर थांबली, दोनदा खोकली आणि मग आत आली. प्रत्येक खोकल्याला मी उठले. मुलींनी मला बसून घ्या म्हटलं तरी उठले. शेवटची आली तेव्हा ऊन कलत आलं होतं. तिच्यानंतर कुणी खोकलं नाही.

आता गुरुवारी मी एकटीच जाते. मंदाला मी कधी पाहिलेलं नाही, तरी चाळिशीतल्या बायकांकडंही पाहते. वैशाली आता चोविशीची असेल, माझ्या ओळखीचा चेहरा बदललाही असेल. स्टँडवरचा चहावाला मला सी.आय.डी.वाली म्हणतो. त्याला काय सांगणार.

मागच्या गुरुवारी पुण्याच्या गाडीतून सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी उतरली. हातात एकच प्लास्टिकची पिशवी होती. गाडी निघून गेली, रिक्षावाले विचारून गेले, तरी ती तिथंच उभी. मी उठले, मागून न जाता वळसा घालून तिला दिसेन अशी समोरून गेले आणि चार पावलांवर थांबून दोनदा खोकले. तिनं वर पाहिलं.

"चहा घेतेस का पाणी?" मी विचारलं. मग थांबले आणि जे त्या तालमीत विचारायचं राहून गेलं होतं ते विचारलं. "का काहीच नको?"

"काईच नको," ती म्हणाली.

"बरं," मी म्हटलं आणि परत येऊन बाकावर बसले, एका बाजूला सरकून. बराच वेळ ती तशीच उभी होती. मग आली आणि पिशवी मांडीवर घेऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.